समुद्रातले 'डायनासोर' आणि एका नावाचा घोळ

डायनासोरांबद्दल हमखास विचारले जाणारे बरेच प्रश्न मुळात डायनासोरांबद्दल नसतातच. मोसासॉर हा समुद्रातला अवाढव्य सरपटणारा प्राणी आणि मेगॅलोडॉन यांची झुंज झाली तर कोण जिंकेल, लांब मानेचा प्लेसिओसॉर अजून एखाद्या तळ्यात दडून बसला असेल का, वगैरे. यांतला एकही डायनासोर नाही. मेगॅलोडॉन हा शार्क, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी संपलेला. मोसासॉर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच गेले. झुंज लावायची कशी?

खरं तर समुद्रातले प्राणी आधी सापडले. नेदरलँड्समधल्या माआस्त्रिख्तच्या चुनखडीतून मोसासॉरचा जबडा अठराव्या शतकातच निघाला होता; फ्रेंच सैन्याने शहर घेतल्यावर तो पॅरिसला गेला. इंग्लंडमध्ये लाइम रीजिसच्या कड्यांतून १८११ ते १८२३ च्या दरम्यान इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर बाहेर आले. 'डायनासोरिया' हा शब्द त्यानंतरचा, १८४२ चा. तो मेगॅलोसॉरस, इग्वॅनोडॉन आणि हायलिओसॉरस या तीन प्राण्यांवरून बेतला गेला, तिन्ही जमिनीवरचे. कमरेखालचे पाच मणके जुळून एकजीव झालेले, आणि पाय सरड्यासारखे फाकलेले नाहीत तर खांबासारखे सरळ अंगाखाली, ही त्यांची खूण. शब्द घडवणाऱ्याला समुद्री प्राणी चांगले ठाऊक होते. ते विसरून राहिले नाहीत, बाहेर ठेवले गेले.

पुढे १८८७ मध्ये खुब्याच्या हाडांवरून डायनासोरांचेच दोन गट पाडले गेले आणि जवळजवळ शतकभर हे एक कुळ आहे की दोन, यावर एकमत नव्हतं. १९७४ मध्ये ते पुन्हा एकत्र मानायचा आग्रह धरला गेला. ओळखीची खूण म्हणून सांगितलं जायचं ते खुब्याच्या वाटीला आरपार असलेलं भोक. पक्षी डायनासोरांचेच वंशज, म्हणून रश्श्यातल्या कोंबडीच्या कमरेचं हाड साफ करून उजेडाकडे धरा, मांडीचं हाड जिथे बसतं तिथे ते भोक दिसतं. प्लेसिओसॉरच्या वाटीला ते नाही. पण चिलखती अँकिलोसॉरांमध्ये हे भोक पुन्हा बुजलेलं असतं, आणि मूळ तिघांतला हायलिओसॉरस नेमका त्यांच्याच गोतातला! एका हाडावर व्याख्या टांगली की असं होतं.

म्हणून १९९० च्या दशकापासून वंशावळीची व्याख्या रुजली: ट्रायसेराटॉप्स आणि चिमणी यांचा सर्वांत अलीकडचा समान पूर्वज, आणि त्याची सगळी संतती. माझ्या मते हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता. यात कावळा बसतो, मोसासॉर बसत नाही. त्याचं नातं घोरपडीशी आणि सापांशी. कच्छमध्ये लोडाईजवळ सापडलेला, २०१७ मध्ये जाहीर झालेला साडेपाच मीटरचा इक्थिओसॉरही बाहेरच. त्याच वर्षी मूळचे दोन गट मोडून नवी मांडणी सुचवली गेली, तेव्हा वंशावळीच्या आतलं भांडण पुन्हा पेटलं. समुद्री प्राण्यांच्या जागेला मात्र त्याने धक्का लागला नाही.

मग डायनासोर पाण्यात उतरलेच नाहीत का? स्पायनोसॉरसची वल्ह्यासारखी शेपटी २०२० मध्ये जगापुढे आली. तो पोहून शिकार करायचा की बगळ्यासारखा काठाकाठाने, यावर अजून जुंपलेली आहे. बाकी व्याख्या शब्दशः घेतली तर समुद्रात सूर मारणारा डायनासोर भायखळ्याच्या राणीच्या बागेत तिकीट काढून बघता येतो. काचेपलीकडचा पेंग्विन.