दाताचा खाऊ (कुत्र्यांसाठी, घरगुती)

पाळीव कुत्र्याचे दात चावता चावता घासले जावेत, या हिशेबाने घरी केलेला सुका, चिवट पदार्थ. दुकानात ‘डेंटल स्टिक’ किंवा ‘डेंटल ट्रीट’ म्हणून जे मिळते त्याचे हे घरगुती भावंड; मराठी घरात ‘दाताचं बिस्कीट’ किंवा नुसते ‘त्याचा खाऊ’. ठाणे-नवी मुंबईच्या स्वयंपाकघरांत सहज होण्याजोगे प्रकार तीन : रताळ्याच्या सुकवलेल्या चकत्या, नाचणी-कणकेच्या कांड्या आणि कोळीवाड्यातून आणलेले सुके बोंबील. पदार्थात काय घातले यापेक्षा तो किती चिवट झाला यावर त्याचे काम अवलंबून असते. खाडीकाठच्या या दोन शहरांत नेमका तो चिवटपणाच टिकत नाही.

कुत्र्याचे तोंड

पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत ते पडून ४२ कायमचे दात येतात, वर २० आणि खाली २२. खाल्ल्यावर दातांवर जंतूंचा बुळबुळीत थर साचतो. त्याला प्लाक म्हणतात आणि तो ओल्या फडक्याने पुसला तरी निघतो. लाळेतले क्षार त्यात मुरले की दोन-तीन दिवसांत तो घट्ट होऊ लागतो आणि त्याचे कीटण बनते. ते मग फडक्याला दाद देत नाही. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा अधिक अल्कधर्मी असल्याने त्याच्या दातांना कीड क्वचितच लागते, पण कीटण मात्र भराभर चढते. वरच्या जबड्यातल्या मोठ्या उपदाढेजवळ, म्हणजे चौथ्या उपदाढेपाशी, लाळेची नळी गालात उघडते. म्हणून ओठ हलकेच वर उचलून पाहिले की पिवळट-तपकिरी थर सगळ्यात आधी तिथेच, बाहेरच्या बाजूने दिसतो.

हिरडी नुसती लाल होऊन सुजली असेल तर स्वच्छतेने ती पूर्ववत होते. सूज हिरडीखाली पसरून दाताभोवतीचे हाड झिजू लागले की गेलेले हाड परत येत नाही. लहान जबड्यात तेवढेच दात दाटीवाटीने बसत असल्याने पॉमेरेनियन, शिट्झू, पग अशा छोट्या जातींना हा त्रास लवकर होतो, आणि घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मावतात त्याही याच जाती. वर जेवण म्हणजे दुधात कुस्करलेली पोळी नाहीतर दहीभात. चावायला काहीच नाही आणि दाताला चिकटायला भरपूर.

चिवटपणाचे माप

दात पदार्थात हिरडीपर्यंत रुतावा आणि बाहेर येताना घासून यावा, एवढीच या खाऊकडून अपेक्षा असते. खुसखुशीत बिस्कीट याला उपयोगी नाही. दाताचे टोक लागताच ते फुटते आणि मुळाशी, जिथे खरी घाण असते, तिथे स्पर्शही होत नाही. उलट पदार्थ दगडासारखा असला तर दातच फुटतो, आणि फुटतो तो बहुधा वर सांगितलेलाच, चौथी उपदाढ; तिची बाहेरची कपची उडते. या दोन टोकांच्या मधली जागा शोधायला सोपी खूण आहे. अंगठ्याचे नख दाबून पाहावे. नखाची खोच उमटली तर ठीक. अजिबात उमटली नाही तर तो तुकडा कुत्र्याला देऊ नये.

आकारही तितकाच महत्त्वाचा. कुत्रा पुढच्या दोन पंजांत धरून, मान तिरकी करून बाजूच्या दाढांनी चावेल एवढा लांब तुकडा हवा. दोन घासांत गिळला गेला तर तो निव्वळ खाऊ, दाताचा नव्हे.

रताळे

महाशिवरात्र आणि आषाढी एकादशीच्या आधी जांभळी नाक्याच्या बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात. उपासाला नेलेल्यांतली चार बाजूला ठेवली की खाऊची सोय झाली. सरळ, लांबट, मनगटाएवढी रताळी घ्यावीत. माती खरवडून धुवावीत, साल ठेवली तरी चालते. मग लांबीच्या दिशेने साधारण ८ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापाव्यात. पातळ कापल्या तर वेफर होतात, आणि वेफर कुरकुरत फुटतो. ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) जाळीवर पट्ट्या एकमेकींना न चिकटता मांडून १२० अंश सेल्सिअसला अडीच ते तीन तास ठेवाव्यात, मध्ये एकदा उलटाव्यात. दीड तासानंतर घरभर भाजक्या रताळ्याचा गोडसर वास सुटतो आणि कुत्रा ओटीजीसमोरून हलत नाही. पण तेव्हा पट्टी अजून आत ओली असते. तयार पट्टी कडेने आक्रसलेली, गडद केशरी किंवा तांबूस दिसते, वाकवली तर चामड्याच्या पट्ट्यासारखी वाकते आणि मोडत नाही. रताळ्यात जवळपास तीन-चतुर्थांश पाणी असते, त्यामुळे एक किलोतून हाती पाव किलोच्या थोडे वर येते. हे पाहून पहिल्यांदा करणारा हमखास हिरमुसतो.

उन्हातही हे होते. एप्रिल-मेमध्ये कुरडया, सांडगे आणि पापडांबरोबर वाफवलेल्या रताळ्याच्या पट्ट्या मलमलच्या फडक्याखाली वाळत घातल्या तर तीन-चार कडक उन्हांत काम होते. नौपाड्यातल्या जुन्या दोन-तीन मजली इमारतींत गच्ची मिळते. नव्या टॉवरांत गच्चीला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरीकडे, तेव्हा ओटीजीच बरा.

ओलावा

पावसाळ्यात या खाडीकाठची हवा ८५ टक्क्यांच्या आसपास दमट असते. मेमध्ये नखाची जेमतेम खोच उमटणारी कांडी जुलैत बरणीतून काढली तर ओल्या चामड्यासारखी लोंबते, आणि आठवड्याभरात तिच्या कडेला राखाडी बुरशी दिसू लागते. प्रस्तुत लेखकाच्या घरी एका आषाढात अशी अर्धी बरणी टाकावी लागली; मालकाने ती वास घेऊन बाजूला ठेवली होती, कुत्र्याने मात्र वास घेऊन शेपटी हलवली. कुत्र्याच्या नाकावर या बाबतीत विसंबता येत नाही. बुरशी खरवडून उरलेला भाग देणेही चूक, कारण काही बुरश्यांचे विष पदार्थात आतपर्यंत उतरते. खवट किंवा कुबट शेंगदाण्यांत आढळणारे अफ्लाटॉक्सिन हे त्यातले सर्वांत ठाऊक असलेले. ते यकृतावर घाला घालते आणि कुत्रे त्याला विशेष बळी पडतात. घरी शेंगदाण्याचा लगदा करून खाऊत घालणाऱ्यांनी दाणे चाखून घ्यावेत ते एवढ्यासाठीच.

उपाय घरचेच आहेत. पट्ट्या पूर्ण गार झाल्याशिवाय बरणीत भरू नयेत, नाहीतर वाफ आतच जिरते. मिठाच्या बरणीत जसे तांदूळ टाकतात तसे मूठभर तांदूळ कोरडेच भाजून पुरचुंडीत बांधून बरणीच्या तळाशी ठेवावेत, वर जाळी. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी नको; कुत्रा पुडीसकट खातो. जून ते सप्टेंबर बरणीचा नाद सोडून फ्रीजरच वापरावा आणि रोजची कांडी रोज काढावी. बाहेर काढल्यावर तिला पंधरा मिनिटे तशीच ठेवावी, कारण गोठलेली कांडी दगडाइतकी कडक असते.

कांड्या आणि बोंबील

नाचणी पौष्टिक आणि स्वस्त म्हणून खाऊत सगळ्यात आधी तिचेच पीठ निघते. पण नाचणीत गव्हासारखे चिवट ग्लूटेन नाही, म्हणून निव्वळ नाचणीची कांडी भाकरीच्या कडेसारखी तुटते. निम्मी कणीक घालून पीठ घट्ट मळले आणि अर्धा तास मुरू दिले की ते तार धरते. एक वाटी नाचणी, एक वाटी कणीक, अर्धी वाटी शिजवून पाणी निथळलेला लाल भोपळा, एक अंडे आणि मूठभर बारीक चिरलेली कोथिंबीर किंवा पुदिना घ्यावा. मीठ, गूळ, बेकिंग पावडर काही नाही. अंडे न चालणाऱ्या घरात भोपळा थोडा वाढवावा. कांडी जरा ठिसूळ होते इतकेच. करंगळीएवढ्या जाड कांड्या वळून १६० अंशांवर अर्धा तास भाजाव्यात आणि ओटीजी बंद करून दार न उघडता आतच सुकू द्याव्यात. हा शेवटचा तासच कांडीला चिवटपणा देतो. पुदिन्याने तोंडाचा वास तासभर दबतो, दात त्याने स्वच्छ होत नाहीत. हळदीचेही तेच, आणि ती पांढऱ्या कुत्र्याच्या दाढीवर आठवडाभर दिसते.

सुका बोंबील ही या किनाऱ्याची खासियत. ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा किंवा बेलापूरजवळचे दिवाळे इथे नाते असलेल्यांच्या घरी तो कायम असतो. वलांडीवर (मासळी वाळवायच्या बांबूंच्या मांडणीवर) टांगून मिठाशिवाय वाळवलेला बोंबील चालतो. खारवलेला बांगडा वा इतर खारी मासळी नाही. कुत्रे त्यासाठी जीव टाकतात हे खरे. पण बोंबील क्षणात तुटतो, त्यामुळे दातांच्या दृष्टीने त्याचा फारसा उपयोग नाही. त्याला या यादीत जागा मिळाली ती प्रेमापोटी.

काय देऊ नये

रविवारच्या मटणातली नळी हा सर्वांत लाडका आणि सर्वांत महाग पडणारा दाताचा खाऊ. शिजलेल्या हाडाच्या टोकदार चिरफळ्या उडतात, नळीवर दात फुटतो, आणि गोल कापलेली नळी कधीकधी खालच्या जबड्यात सुळ्यांमागे अशी अडकते की ती डॉक्टरांकडे कापून काढावी लागते. नारळाची करवंटी आणि गुरांचे खूरही त्याच कारणाने बाद. कडुलिंबाचे वा बाभळीचे दातवण माणसाला चालले. कुत्रा ते चावून त्याच्या काड्या करतो आणि एखादी काडी टाळूला आडवी, दोन्हीकडच्या दाढांच्या मध्ये रुतून बसते. पावसाळ्यात उपवन तलावाच्या काठी भाजलेली कणसे खाऊन लोक बुडखा टाकतात. तो कुत्र्याने गिळला तर आतड्यात अडकतो आणि शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते. आंब्याची कोयही तशीच.

स्वयंपाकघरातल्या विषारी वस्तूंत कांदा व लसूण (तांबड्या रक्तपेशी फुटतात), चॉकलेट आणि जायफळ येतात. द्राक्षे व मनुकांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. त्यामागे टार्टरिक आम्ल असावे असे मत २०२१ मध्ये पुढे आले, आणि चिंचेत हे आम्ल भरपूर असल्याने आमटीत भिजवलेली भाकरी आता निरुपद्रवी मानता येत नाही. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या पीनट बटरमध्ये, च्युइंगममध्ये किंवा माणसांच्या टूथपेस्टमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असू शकते. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या तासातही कोसळू शकते आणि यकृत बंद पडू शकते. दात दुखतो म्हणून लवंगेच्या तेलाचा बोळा लावण्याचा आजीबाईचा इलाजही इथे नको.

मर्यादा

दाताचा खाऊ प्लाक कमी करतो. चढलेले कीटण काढत नाही. रोज एकच कांडी, तीही नजरेसमोर, आणि खाऊचा एकूण वाटा दिवसाच्या आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत. पाच किलोच्या पॉमेरेनियनला रताळ्याची एक अख्खी पट्टी जास्तच होते. दात हलत असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला आणि दात बदलत असलेल्या पिल्लाला चिवट काही देऊ नये. पिल्लाला फ्रीजमध्ये गार केलेले लांब गाजर पुरते. ब्रशची सर कोणत्याही खाऊला नाही. बोटात घालायचा रबरी ब्रश, कुत्र्यांसाठीची पेस्ट आणि रोजची दोन मिनिटे यांपुढे ओटीजीचे तीन तास फिके पडतात. तरी लोक ओटीजीच लावतात, कारण ब्रश पाहून कुत्रा पलंगाखाली जातो आणि रताळे पाहून मांडीवर येतो.

दुकानातला माल निवडताना ‘व्हीओएचसी’चे चिन्ह पाहावे. अमेरिकेतील व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल १९९७ पासून, चाचण्यांत प्लाक किंवा कीटण खरोखर कमी करून दाखवलेल्या उत्पादनांनाच ते देते. अशा काही कांड्यांत लाळेतले कॅल्शियम बांधून ठेवणारी फॉस्फेटे असतात. ती घरी घालता येत नाहीत, घालूही नयेत.

साठलेले कीटण भूल देऊन, अल्ट्रासॉनिक यंत्रानेच निघते. दोन्ही शहरांतल्या पशुदवाखान्यांत ही सोय आता मिळते; पूर्वी त्यासाठी परळ गाठावे लागे, जिथे १८८६ पासून मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. भूल न देता वरवर खरवडून दात पांढरे करून देणाऱ्यांकडे जाऊ नये, कारण हिरडीखालचे कीटण तसेच राहते. कुत्रा एकाच बाजूने चावू लागला, तोंडातला घास खाली टाकू लागला किंवा चावलेल्या कांडीवर रक्ताची रेघ दिसली तर खाऊ थांबवावा. डोळ्याखाली अचानक फुगवटा आला की बरेच जण डोळ्याचे थेंब घालत बसतात. त्या जागेच्या बरोबर खाली चौथ्या उपदाढेची मुळे असतात, आणि पू बहुधा तिथलाच असतो.