हेडलाइटचा बल्ब : वॅटची शर्यत आणि काळा ठिपका

‘रात्री नीट दिसत नाही, बल्ब बदलून द्या’ ही मागणी जुनीच आहे. वायरमन त्यावर काय काढून देतो, ते मात्र गेल्या चाळीसेक वर्षांत चार वेळा बदललं. आधी जास्त वॅटचा हॅलोजन, मग निळसर काचेचा बल्ब, मग झेनॉनचं किट आणि आता एलईडी. दर वेळी विकला गेला तो जास्त उजेड. तो रस्त्यावर नेमका कुठे पडतो, याची चौकशी फारशी कुणी केली नाही.

युरोपात मोटारीसाठी पहिला हॅलोजन बल्ब १९६२ साली आला. अप्पर (लांबचा झोत) आणि डिपर (खाली वळलेला, जवळचा झोत) एकाच काचेत असलेला एच-४ आला १९७१ मध्ये. आपल्याकडे तो रुळायला बराच काळ गेला. तोवर मोटारींना ४५/४० वॅटचे (अप्पर ४५, डिपर ४०) साधे बल्ब होते, आणि स्कूटरच्या दिव्याला वीज थेट मॅग्नेटोकडून, म्हणजे इंजिनच्या फिरण्यावर वीज करणाऱ्या यंत्राकडून, मिळे. उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की उजेडही मालवल्यासारखा व्हायचा, म्हणून अंधाऱ्या वळणावर गाडी न्यूट्रलला टाकून नुसतीच रेस करणारे महाभाग तेव्हा होते.

६०/५५ वॅटचा एच-४ आपल्या गाड्यांत सर्रास दिसू लागला, तेव्हा पुणे-सातारा-कोल्हापूर हा रस्ता दुभाजकाविनाच होता. समोरून ट्रक, मागून एसटी, कडेला बिनदिव्याची बैलगाडी. अशा रस्त्यावर ५५ वॅट तोकडे वाटणं साहजिक होतं. त्यातून ‘शंभर-नव्वद’, म्हणजे १००/९० वॅटच्या बल्बचं, प्रकरण सुरू झालं. पुण्याच्या नाना पेठेत काय किंवा तालुक्याच्या गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात काय, हा बल्ब सहज मिळे. खोबण तीच, त्यामुळे बसवायला दोन मिनिटं पुरत.

गोम वायरिंगमध्ये होती. ६० वॅटचे दोन बल्ब मिळून १२ व्होल्टला १० अँपिअर ओढतात, तर १०० वॅटचे दोन जवळजवळ १७. तार तीच राहिली तर तिच्यातली उष्णता पावणेतीन पट होते. आधी होल्डरचं काळं प्लॅस्टिक तपकिरी पडायचं, मग मऊ व्हायचं, आणि एके दिवशी डॅशबोर्डच्या बटणापाशी जळका वास यायचा. पुढे रिले (बॅटरीची वीज जाड तारेने थेट दिव्याला जोडणारा स्विच) आणि सिरॅमिकचे होल्डर आले आणि हा जाच कमी झाला. तेव्हा एक गोष्ट जाणत्या वायरमनांच्या लक्षात आली. मूळचा ६०/५५ चाच बल्ब ठेवून नुसती रिलेची जाड वायरिंग केली, तरी उजेडात ढळढळीत फरक पडतो. एच-४ चा डिपर १३.२ व्होल्टला साधारण १००० ल्यूमेन (उजेडाचं माप) देतो. वाटेत गळती होऊन बल्बपाशी १२ च पोहोचले, तर तोच डिपर सातशेच्या आसपास येतो. म्हणजे अनेकांचा ५५ वॅटचा बल्ब मुळात ५५ वॅटचा म्हणून कधी जळलाच नव्हता. या वायरिंगचा खर्च बल्बपेक्षा फार नव्हता, पण ती खोक्यात घालून दाखवता येत नसल्यामुळे विकायला अवघड होती.

जास्त वॅटचा त्रास समोरच्याला होऊ लागला, आणि त्यावरचा उपाय म्हणून हेडलाइटवर काळा रंग किंवा काळा ठिपका आला. आज पंचविशीत असलेल्यांना हे सांगून पटणार नाही, पण एके काळी शहराशहरांत नाक्यावर गाड्या थांबवून दिव्याच्या काचेवर काळा ठिपका चिकटवण्याच्या मोहिमा निघत. काही ठिकाणी वरची अर्धी काचच रंगवली जाई. तशी अर्धी काळी काच १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ब्लॅकआउटसाठीही रंगवली गेली होती, पण तिथे हेतू विमानापासून लपण्याचा होता. वाहतुकीसाठी तीच युक्ती कितपत लागू पडते, हे पाहायला एच-४ बल्ब हातात घ्यावा.

त्यात दोन तारा दिसतात. डिपरची तार रिफ्लेक्टरच्या फोकसच्या (केंद्रबिंदूच्या) किंचित पुढे आहे आणि तिच्याखाली पत्र्याची चिमुकली वाटी आहे. या वाटीमुळे रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडतच नाही. तो फक्त वरच्या अर्ध्यावर पडतो आणि तिथून खाली वळून रस्त्यावर जातो. अप्परची तार फोकसवर आहे, तिला वाटी नाही, म्हणून ती सगळा रिफ्लेक्टर वापरते. आता काचेचा वरचा अर्धा भाग काळा केला तर काय होईल? डिपर जवळपास मरतो आणि अप्पर अर्धाअधिक जिवंत राहतो. ज्याला डिपरवर दिसेनासं झालं, तो अप्परवरच चालवणार. समोरच्याचे डोळे वाचवायला निघालेला रंग त्याच्या डोळ्यांत अप्पर घालून मोकळा झाला.

मधल्या ठिपक्याचं पाप एवढं मोठं नाही. रिफ्लेक्टरच्या मध्यभागी बल्बचं भोकच असतं, तिथून कामाचा उजेड कमीच येतो. शिवाय एच-४ च्या टोकाला कारखान्यातच काळा रंग दिलेला असतो, तो सरळ समोर जाणारी तिरीप अडवण्यासाठीच. म्हणजे हॅलोजनच्या दिव्यावर ठिपका लावणं हे झालेल्या कामावर पुन्हा शिक्का मारणं होतं. समर्थनाचा मुद्दा एकच, पण तो खरा आहे: ठिपका आहे की नाही हे चौकातल्या हवालदाराला लांबून दिसतं. झोत बरोबर आहे की नाही हे दिसत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत झोताची व्याख्या चांगली नेमकी आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणारा नसावा, कायमचा खाली वळवलेला किंवा चालकाला खाली वळवता येणारा असावा. हे तपासायला सपाट जागा हवी, मोजमाप हवं. स्टिकरला यातलं काहीच लागत नाही. म्हणून नियम कागदावर राहिला आणि ठिपका काचेवर गेला. पुढे ठिपकाही गेला, पण झोत तपासण्याची सवय त्या जागी आली नाही, आणि नंतरच्या प्रत्येक बल्बाने याचा फायदा घेतला.

त्यातल्या निळसर बल्बांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. काचेवरचा निळा थर पिवळा प्रकाश गाळतो, म्हणजे उजेड कमीच होतो. दिसायला महागड्या गाडीसारखं वाटतं, एवढाच लाभ.

झेनॉनचा दिवा १९९१ साली एका जर्मन आलिशान मोटारीत आला. ३५ वॅटमध्ये हॅलोजनच्या डिपरच्या सुमारे तिप्पट उजेड. एवढ्या उजेडामुळे युरोपात त्याच्यासोबत झोत आपोआप खालीवर करणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा सक्तीचा झाला. आपल्या बाजारात साधारण २००५ नंतर आलेल्या किटमध्ये फक्त बल्ब आणि त्याला वीज पुरवणारा बॅलास्ट होता. एच-४ च्या जागी बसणाऱ्या किटमध्ये चुंबकाने बल्ब पुढेमागे सरकवून अप्पर-डिपर केलं जाई, आणि तो चुंबक अडकला की समोरच्याची खैर नसे. तोवर मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला होता, दुभाजकावर कण्हेर वाढली होती. सतत अप्परवर चालवण्याची खोड तिथे लागली, आणि ती घेऊनच लोक मुंबई-गोवा मार्गावरच्या कशेडी घाटात उतरले.

एलईडीची कथा अजून चालू आहे. हॅलोजनची तार जेमतेम ५ मिलिमीटरची, सगळ्या बाजूंनी उजळणारी. एलईडीत पट्टीच्या दोन अंगांना चिप असतात. पट्टी जाड असली, किंवा चिप डावी-उजवीकडे न येता वर-खाली आल्या, तर रिफ्लेक्टरला तार असावी तिथे काही सापडत नाही. उजेड गाडीपुढच्या दहा-पंधरा मीटरवर भरपूर सांडतो, लांब पोहोचत नाही, आणि उरलेला समोरच्याच्या काचेवर जातो. चालवणाऱ्याला मात्र समोरचा पांढरा सडा पाहून पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. मागचा पंखा आड येतो म्हणून रबरी टोपण काढून ठेवलं, की पहिल्याच पावसाळ्यात दिव्यात दव धरतं.

जर्मनीत २०२० मध्ये अशा बदली एलईडीला पहिली परवानगी मिळाली, तीही ठरावीक मॉडेलांच्या ठरावीक दिव्यांत तपासून. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या स्वरूपात फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा कैद सांगितली आहे. तरी हे बल्ब सर्रास विकले जातात. विकणाऱ्यावर बोट ठेवायचं की बसवणाऱ्यावर, हा वाद तेवढा रंगतो.

या गदारोळात मागे पडलेला पर्याय म्हणजे त्याच ६०/५५ वॅटचा, पण तार अधिक घट्ट आणि नेमकी गुंडाळलेला सुधारित हॅलोजन. खोक्यावरची टक्केवारी फुगवलेली असते आणि आयुष्य साध्या बल्बपेक्षा कमी, पण तार जागेवर असते, त्यामुळे झोत बिघडत नाही. तो घालण्याआधी पॉलिकार्बोनेटची पिवळी पडलेली काच घासून घ्यावी लागते, बल्बपाशी व्होल्टेज मोजावं लागतं, आणि भिंतीसमोर गाडी उभी करून झोत जुळवावा लागतो. स्टिअरिंगजवळची शून्य ते तीन आकड्यांची चकती मागे माणसं आणि डिकीत सामान असताना झोत खाली आणण्यासाठीच असते. बहुतेक गाड्यांत ती शोरूममधून निघाल्यापासून शून्यावर आहे.