सोनकीचं ‘एकच फूल’

गेल्या सप्टेंबरात कासच्या वाटेवर एक आई लेकीला बजावत होती, “एकच तोड हं!” पोरीने शहाण्यासारखं सोनकीचं एकच पिवळं फूल खुडलं. मी मध्ये पडलो नाही, पण हिशोब मात्र चुकला होता. त्या चिमुकल्या मुठीत एक नव्हे, डझनावारी फुलं होती.

सोनकी (शास्त्रीय नाव सेनेसिओ बॉम्बेएन्सिस) ही पश्चिम घाटाची खास जात. पावसाबरोबर उगवते, श्रावण-भाद्रपदापासून उतार पिवळे करते आणि दिवाळी सरता सरता वाळते. अनेक जण पिवळं दिसलं की सरसकट सोनकी म्हणतात. त्यात कवलाही असतो, पण तो वाल-वाटाण्याच्या गोतातला. सोनकी मात्र सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि अ‍ॅस्टर यांच्या कुळातली. जगभरात तीस हजारांहून जास्त जाती असलेल्या या अवाढव्य कुळाची ओळख एकच: आपण ज्याला फूल म्हणतो तो असतो फुलोरा, म्हणजे स्तबक. सोनकीची कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे एक स्वतंत्र मादीफूल, आणि मधल्या पिवळ्या चकतीतला प्रत्येक ठिपका हे पाच दातांचं, नर-मादी दोन्ही अवयव असलेलं नळीदार फूल.

आता त्या एका ठिपक्यात डोकावू. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे.

नळीत पाच पुंकेसर, म्हणजे नर अवयव, असतात. त्यांचे परागकोश (परागांच्या पिशव्या) कडेला कड चिकटून त्यांचीही एक नळी झालेली असते. हे परागकोश फुटतात तेही आतल्या बाजूला. म्हणजे सगळे पराग नळीतच कोंडलेले. मग ते कीटकाला लागणार कसे? इथे चकलीचा सोऱ्या आठवा. नळी म्हणजे सोऱ्या, पराग म्हणजे पीठ आणि खालून वाढत येणारा कुक्षीवृंत (मादी अवयवाची दांडी) म्हणजे दट्ट्या. सोऱ्याचा दट्ट्या खाली दाबायचा असतो, हा वर चढतो, एवढाच फरक. त्याच्या टोकाला आखूड केसांचा झुबका असतो. बाटली धुवायच्या ब्रशासारखा तो नळी झाडत वर येतो आणि परागांची ढेप बाहेर ढकलतो. या अवस्थेत फूल नर असतं. कुक्षीवृंताच्या दोन्ही फांद्या अजून मिटलेल्या असतात आणि पराग रुजायची जागा त्यांच्या आतल्या बाजूला झाकलेली असते. म्हणून परागांनी माखूनही दट्ट्या स्वतः फळत नाही. पुढे फांद्या उलगडून बाहेर वळतात आणि तेच फूल मादी होतं.

शिवाय सगळे ठिपके एकदम उमलत नाहीत, कडेकडून मध्याकडे उमलतात. त्यामुळे एकाच स्तबकात बाहेरच्या रांगा मादी अवस्थेत, त्यांच्या आत पराग ढकलणाऱ्या नरांचं कडं आणि मधोमध मिटलेल्या कळ्या, असं सापडतं. कडेला उतरलेली माशी दुसरीकडचे पराग आधी मादीफुलांना देते आणि आत सरकताना नवे घेते. दरवेळी ती या शिस्तीने चालेलच असं नाही, पण बांधणी त्या सोयीची आहे.

रानातलं म्हणजे औषधी, असं मानून कशाचाही काढा उकळणाऱ्यांसाठी एक सूचना: सेनेसिओ वंशातल्या अनेक जातींमध्ये यकृताला घातक अशी अल्कलॉइडं असतात. ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचून यकृत सवलत देत नाही.

नोव्हेंबरात स्तबकं पांढरी होतात. प्रत्येक फुलाचं एकबीजी फळ तयार होतं आणि त्याच्या डोक्यावर रेशमी केस उभे राहतात. लॅटिनमध्ये ‘सेनेक्स’ म्हणजे म्हातारा, आणि या पिकल्या केसांवरूनच वंशाचं नाव पडलं. आपल्याकडे पोरं रुईच्या बोंडातून उडणाऱ्या कापसाला म्हातारी म्हणतात. फरक इतकाच की रुईच्या म्हातारीचे केस बीजावरचे असतात, तर सोनकीच्या म्हाताऱ्याचे मूळचे निदलपुंजाचे. आपण जास्वंदीच्या फुलाखाली हिरवा पेला पाहतो ना, त्याच अवयवाने इथे विमानाचं काम पत्करलं आहे.