कपाटामागचा राउटर

मे महिन्यात सोलापुरात, अशोक चौकात आत्याकडे गेलो होतो. मॅच ऐन रंगात आली की टीव्हीवर गोल चक्र फिरायला लागायचं. आतेभावाने वैतागून इंटरनेटचा १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करून घेतला, तरी चक्र फिरतच राहिलं.

मला फार हळहळ वाटली, कारण गरज वेगळीच होती. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून फाइल उतरताना आकडा साडेबारा मेगाबाइटच्या वर जात नाही. त्यात फसवणूक नसते. एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केला १५ ते २५. जुना प्लॅनच भरपूर होता. बाहेरून आलेली तार ठीक होती, अडत होतं ते राउटरपासून, म्हणजे घरात वायफाय पसरवणाऱ्या डब्यापासून, टीव्हीपर्यंतच्या पंधरा-वीस फुटांत.

राउटर बाहेरच्या खोलीत, लोखंडी कपाटामागे. टीव्ही आतल्या खोलीत. आणि मधल्या दारात पाण्याने भरलेला पत्र्याचा कूलर, सोलापूरच्या उन्हाळ्यात तो हलवायचं कोण म्हणणार! वायफायच्या लहरी रेडिओलहरीच असतात, बहुतेक २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहून कमी. पत्रा त्यांना परतवतो आणि पाणी शोषून घेतं. मायक्रोवेव्हमध्ये भाजी गरम होते तीही २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींनीच.

मोबाइलवरच्या अ‍ॅपने सिग्नल मोजला. राउटरजवळ उणे ४५, टीव्हीपाशी उणे ७८. हे आकडे डीबीएम या सिग्नलच्या शक्तीच्या मापात असतात आणि आकडा दहाने उतरला की शक्ती एकदशांश होते. म्हणजे ३३ च्या फरकात ती जवळजवळ दोन हजार पटींनी घटली होती.

सिग्नल क्षीण झाला की काय होतं, हे यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहिलेल्या माणसाला लगेच कळेल. माग खडखडत असताना तिथे कुणी भरभर बोलत नाही. एकेक शब्द सावकाश, आणि समोरच्याला कळला नाही तर पुन्हा. राउटरही तेच करतो: वेग उतरवतो, माहितीची न पोचलेली पाकिटं पुन्हा पाठवतो. शिवाय वायफायच्या एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका ठरलेल्या पट्टीवर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं. कोपऱ्यातला जुना फोन रेंगाळत बोलत राहिला की तेवढा वेळ टीव्हीला गप्प बसावं लागतं. भिंतीला भिंत लागून घरं असली तर शेजाऱ्यांचे राउटरही त्याच रांगेत येतात, कारण २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच धरतात: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा बरीच जास्त. त्या लहरी भिंतीत लवकर विरतात, पण त्यामुळेच शेजाऱ्यांच्या लहरीही आपल्याकडे कमी येतात.

आत्याचा प्रश्न अगदी रास्त होता: "सिनेमा नीट चालतो की, मग मॅचच का अडकते?" व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतो. सिनेमा आधीच तयार असल्याने टीव्ही पुढचे बरेच तुकडे भरून ठेवतो, मधे थोडा वेळ काही आलं नाही तरी निभावतं. मॅचचा पुढचा चेंडू मात्र अजून पडलेलाच नसतो, त्यामुळे साठा जेमतेम. जरा खंड पडला की चित्र धुरकट होतं, आणि तरी भागलं नाही तर थांबतं.

दोष कुठे आहे ते ठरवायला लॅपटॉप तारेने राउटरला जोडून वेग मोजला. पूर्ण २०० च्या जवळ आला. तसा आला नसता तर तक्रार कंपनीकडे करायची होती. मग राउटर कपाटामागून काढून कोनाड्यात, डोक्याच्या उंचीवर ठेवला. टीव्हीपाशी आकडा उणे ६२ झाला. दुसऱ्या दिवशी चौकटीच्या कडेने एक लॅनची तार टीव्हीपर्यंत नेली. टीव्ही काही जागचा हलत नाही, त्याला तार द्यावी आणि हवेतली वाट फोनांसाठी मोकळी ठेवावी. भावाने पुढच्या महिन्यापासून १०० चाच प्लॅन परत घेतला.