जुने गवई खरंच चढ्या पट्टीत आणि घाईत गात होते?

ठाण्यात मैफल सुटली की गडकरी रंगायतनबाहेर हे वाक्य हमखास कानावर येतं: ‘जुने लोक चढ्या पट्टीत, घाईतच गायचे. रेकॉर्ड ऐका ना!’ माझ्या मते हा त्या कलाकारांवर अन्याय आहे.

गायिका गौहरजान यांनी १९०२ मध्ये कोलकात्यात ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा तबकडीचा वेग ७८ फेऱ्यांवर पक्का झालेलाच नव्हता. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ वर वाजवली, तर पेटीवरच्या काळी एकचा षड्ज (सा) जवळजवळ पांढरी दोनवर, म्हणजे लगतच्या वरच्या पट्टीवर जातो. लय वाढते, आवाज बारीक होतो. वेग न तपासता यूट्यूबवर चढवलेली रेकॉर्ड मग तशीच फिरत राहते.

घाईचं म्हणाल, तर दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीनच मिनिटं मावायची. संथ लयीत सावकाश रंगणारा विलंबित ख्याल त्यात बसणार कसा? गायिका केसरबाई केरकरांची १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेली भैरवीही जेमतेम साडेतीन मिनिटांची. अप्रतिमच, पण ती अख्खी मैफल नव्हे.

दोन मुद्रणं शेजारी ठेवताना आधी साथीच्या पेटीची पट्टी तपासा. पेटीचे सूर ठरलेले असतात; ती पट्टी दोन स्वरांच्या मध्येच लोंबकळत असेल, तर आधी वेगावर शंका घ्या, गळ्यावर नंतर.