डॉक्टरांविरुद्ध निष्काळजीपणाची तक्रार : करावी की नाही, कोणाला करता येते, कागदपत्रे कोणती

उपचार चालू असताना रुग्ण दगावला, किंवा किरकोळ म्हणून सांगितलेल्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभर आयसीयूत काढावा लागला, की घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात : डॉक्टरांचे चुकले का, आणि त्यांच्यावर केस करावी का. पहिल्याचे उत्तर हाती येण्याआधी दुसऱ्याचा निर्णय घेऊ नये. मात्र पहिल्याचे उत्तर शोधण्यात फार काळही घालवू नये, कारण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे (ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या न्यायसंस्थेकडे) तक्रार दाखल करावी लागते. उशीर झाल्यास विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असे धरून चालता येत नाही. गोव्यात सरकारी रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका महिलेची मुंबईत १९९३ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती आणि २००२ मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत तिच्या पोटातून गॉज (शस्त्रक्रियेत वापरतात ते जाळीदार कापड) निघाले. तरीही इतकी वर्षे पोटात दुखत असताना तिने मूळ डॉक्टरांकडे विचारणासुद्धा केली नाही, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. पोटात गॉज सापडूनही जिथे मुदत आड आली, तिथे इतरांनी अधिकच सावध राहिलेले बरे.

कायद्याच्या दृष्टीने निष्काळजीपणा कशाला म्हणायचे, याचा पाया एका कोकणातल्या घटनेने घातला आहे. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले, त्याला पुण्याला आणण्यात आले आणि उपचारानंतर त्याचा मृत्यू झाला. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरांची तीन कर्तव्ये सांगितली : रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना वाजवी काळजी घेणे. यातील शब्द ‘वाजवी’ असा आहे, सर्वोत्कृष्ट असा नाही. त्याच शाखेचा सर्वसाधारण कुवतीचा डॉक्टर त्या परिस्थितीत जे करील, ते झाले नसेल तर निष्काळजीपणा होतो. उपचाराला यश आले नाही, ज्ञात गुंतागुंत उद्भवली, किंवा दोन मान्य पद्धतींपैकी दुसरी निवडली असती तर बरे झाले असते असे मागाहून वाटले, एवढ्याने तो सिद्ध होत नाही. २०२१ मध्ये मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयाच्या अपिलात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मंजूर केलेली चौदा लाखांहून अधिक भरपाई सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, ती याच तत्त्वावर : डॉक्टर जीव वाचवण्याची हमी देत नाही आणि तो चोवीस तास खाटेशेजारी उभा राहील अशी अपेक्षाही धरता येत नाही.

म्हणून वकील गाठण्यापूर्वी केस पेपर गाठावेत. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो. रुग्णाचे नाव, आयपीडी (आंतररुग्ण विभागाचा) क्रमांक, दाखल झाल्याची व घरी सोडल्याची तारीख लिहावी आणि ‘संपूर्ण इनडोअर केस पेपरच्या साक्षांकित प्रती’ असे स्पष्ट शब्द घालावेत. नाही तर डिस्चार्ज कार्ड हातात ठेवून बोळवण केली जाते. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर तारीख व शिक्क्यासह पोहोच घ्यावी. पोहोच देण्यास नकार मिळाला तर तोच अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावा. नोंदी दडवल्या किंवा दिल्याच नाहीत, तर ग्राहक आयोग त्यावरून रुग्णालयाविरुद्ध निष्कर्ष काढू शकतो, पण आपण त्या मागितल्या होत्या हे दाखवणारा कागद तेव्हा आपल्याकडे असावा लागतो.

प्रती मिळाल्यावर डिस्चार्ज कार्डापेक्षा नर्सिंग नोट्स आणि तापमान, नाडी, रक्तदाबाचा तक्ता आधी वाचावा. समजा, परिचारिकेने रात्री दोनला रक्तदाब ८०/५० लिहून ‘डॉक्टरांना फोनवर कळवले’ अशी नोंद केली आहे आणि डॉक्टरांची पुढची नोंद सकाळी साडेआठची आहे, तर प्रश्न त्या साडेसहा तासांचा आहे. दिलेल्या औषधांचा तक्ता, भूलतज्ज्ञाची नोंद, शस्त्रक्रियेची नोंद आणि संमतीपत्रही तपासावे. संमतीपत्रावर शस्त्रक्रियेचे नाव आधीच लिहिलेले होते की जागा कोरी होती, सही कोणी व केव्हा केली, हे महत्त्वाचे ठरते, कारण शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती त्याचीच लागते आणि तपासणीसाठी दिलेली संमती, जीव वाचवण्याची तातडी नसेल तर, मोठ्या शस्त्रक्रियेसाठी चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले आहे. कॅशलेस मेडिक्लेम असेल तर रुग्णालयाने विमा कंपनीकडे पाठवलेले कागदही मागवावेत. दोन्हीकडच्या नोंदींत फरक असेल तर तो तिथे दिसतो. मृत्यूच्या प्रकरणात शवविच्छेदनाची मागणी अंत्यसंस्कारापूर्वीच करावी लागते. त्या क्षणी हे सुचणे कठीण असते, हे मान्य. तरी कारणाचा सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे.

हे कागद त्याच शाखेच्या, शक्यतो दुसऱ्या शहरातील, तज्ज्ञाला दाखवून लेखी मत घ्यावे. प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. उजव्याऐवजी डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर तज्ज्ञ कशाला हवा? परंतु निदान चुकले, औषधाची मात्रा चुकली किंवा शस्त्रक्रियेला उशीर झाला अशा तक्रारी मताशिवाय बहुधा टिकत नाहीत. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे ‘यात चूक दिसत नाही’ असे सांगितले, तर तिथेच थांबण्याचा विचार गंभीरपणे करावा.

चूक दिसत असेल, तर आपल्याला नेमके काय हवे आहे हे ठरवावे, कारण दारे तीन आहेत आणि प्रत्येकामागे वेगळी गोष्ट आहे. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय. डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई हवी असेल तर ॲलोपॅथीसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आणि दंतवैद्य, आयुर्वेद व होमिओपॅथीसाठी त्यांच्या स्वतंत्र परिषदा. या परिषदा ताकीद देतात, नोंदणी निलंबित करतात, भरपाई देत नाहीत. तिसरे दार फौजदारीचे. उपचारातील निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) नुसार नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालाने २००५ पासून त्यासाठी ‘घोर’ निष्काळजीपणा आणि गुन्हा नोंदवण्यापूर्वी शक्यतो सरकारी सेवेतील डॉक्टरचे निष्पक्ष मत आवश्यक मानले आहे. बहुतेक कुटुंबे संतापाच्या भरात पहिल्यांदा पोलीस ठाण्यात जातात. माझ्या मते जिथे प्रकार उघडउघड घोर आहे तेवढ्यापुरतेच ते योग्य आहे, एरवी महिने तिथेच जातात आणि ग्राहक आयोगाची मुदत मात्र सरत राहते. रुग्णालयात तोडफोड केल्यास महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याखाली उलट आपल्यावरच गुन्हा दाखल होतो.

ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास पात्र कोण, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालात आहे. ज्याने शुल्क भरले तो, ज्याच्या वतीने विमा कंपनीने किंवा मालकाने भरले तो, आणि जिथे काही रुग्णांकडून पैसे घेतले जातात अशा रुग्णालयात मोफत उपचार घेतलेला रुग्णही ग्राहक ठरतो. अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाच्या वतीने पालक आणि मृत रुग्णाच्या वतीने कायदेशीर वारस तक्रार करू शकतात. जिथे सर्वांनाच उपचार मोफत मिळतात ते सरकारी रुग्णालय मात्र या कायद्याबाहेर राहते. तिथे दिवाणी दावाच करावा लागतो आणि त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार शासनाला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ मध्ये संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेवेळी पोटात टॉवेल राहून एका महिलेचा मृत्यू झाला. शासनाला जबाबदार धरून ३६,००० रुपयांचा हुकूमनामा सर्वोच्च न्यायालयाने कायम केला तो १९९६ मध्ये. या मार्गाने जाणाऱ्याने हा काळ लक्षात ठेवावा.

खासगी रुग्णालयाविरुद्धची तक्रार बहुधा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडेच जाते, कारण जिल्हा आयोगासाठीची पन्नास लाखांची मर्यादा मागितलेल्या भरपाईवर नसून रुग्णालयाला प्रत्यक्ष दिलेल्या रकमेवर मोजली जाते. शुल्काचेही तेच : बिल पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० आणि पन्नास लाखांपर्यंत १,००० रुपये. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे पुण्यात उपचार घेतलेल्या सोलापूरच्या रुग्णाने तारखांसाठी पुण्याला खेपा घालण्याची गरज नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे. वकील सक्तीचा नाही, तरी उलटतपासणीची वेळ येणाऱ्या या प्रकारात तो असावा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या तक्रारदारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तक्रारीत तारीखवार घटनाक्रम, प्रत्येक आक्षेपासमोर केस पेपरचे पान, आणि डॉक्टर व रुग्णालय दोघांचीही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) म्हणून नावे असावीत. सोबत शपथपत्र, ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, बिले व पावत्या, केस पेपर, तपासण्यांचे अहवाल, तज्ज्ञाचे मत, डॉक्टर किंवा रुग्णालयाला नोटीस पाठवली असल्यास ती व तिची पोहोच जोडावी. मृत्यू झाला असल्यास मृत्यूचा दाखला, मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला आणि नाते सिद्ध करणारे कागद लागतात. अपंगत्व आले असल्यास अपंगत्वाचे प्रमाणपत्र. भरपाईचा आकडा मनाने टाकू नये. पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्र आणि पुढील उपचारांचा अंदाज जोडून तो मांडावा.

तक्रार दाखल करून घेतल्यावर सामनेवाल्याला लेखी म्हणण्यासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदतवाढ देण्याचा अधिकार आयोगाला नाही. निकाल तीन महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो, व्यवहारात वर्षे लागतात. मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली वैद्यकीय प्रकरणे आयोगाला मध्यस्थीकडे पाठवता येत नाहीत. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील होते आणि रक्कम देण्याचा आदेश झालेल्या सामनेवाल्याला त्यासाठी निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते.