पोलंडमधली ‘कार्तकी’: शब्द एक, घोळ अनेक

कम्युनिस्ट राजवटीतल्या पोलंडच्या आठवणी वाचताना मराठी वाचक एका शब्दापाशी हमखास चकतो. तो शब्द म्हणजे ‘कार्तकी’. त्याचं भाषांतर ‘रेशन कार्ड’ असं होतं आणि आपल्या डोळ्यांसमोर स्वस्त धान्याचं दुकान उभं राहतं. पण कार्तकीमुळे सहसा दर कमी होत नसे. दुकानातली ठरलेली किंमत मोजावीच लागे. कार्तकी म्हणजे फक्त विकत घेण्याची परवानगी, आणि ती हातात असली तरी फळीवर माल असेलच असं नाही.

सामान्य माणसांकडून आठवणी लिहून घेण्याची पोलंडची परंपरा जुनी आहे. 1921 साली पोझनानमध्ये कामगारांसाठी अशी स्पर्धा झाली. पुढे बेरोजगार आणि शेतकरी यांच्याकडूनही आठवणी मागवल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीतही या स्पर्धा चालू राहिल्या. मात्र तेव्हा छापून येणाऱ्या मजकुरावर सेन्सॉरची नजर असे, हे वाचताना विसरून चालत नाही.

‘कार्तकी’ या शब्दाची सरकारलाही धास्ती होती. लोकांच्या मनात तो जर्मन ताब्याच्या काळाशी जोडलेला होता. युद्धानंतरची कार्डं 1949 च्या सुरुवातीला बंद झाली, 1951 ते 1953 मध्ये परत आली आणि पुन्हा गेली. जून 1976 मध्ये दरवाढीविरुद्ध रादोम शहरात आणि वॉर्साजवळच्या उर्सुस ट्रॅक्टर कारखान्यात कामगार रस्त्यावर उतरले. सरकारने दरवाढ मागे घेतली, पण ऑगस्टमध्ये साखरेवर बंधन घातलं: माणशी महिना 2 किलो. त्या कागदाचं सरकारी नाव ‘माल-तिकीट’ ठेवलं. लोक मात्र पहिल्या दिवसापासून कार्तकीच म्हणत राहिले.

खरा वाद मांसाच्या कार्तकीचा. अनेक आठवणींमध्ये ती सरकारने लादलेली शिक्षा म्हणून येते. वस्तुस्थिती अशी की ऑगस्ट 1980 मध्ये ग्दान्स्क या बंदराच्या शहरातल्या संपकऱ्यांनी मांडलेल्या 21 मागण्यांमध्येच ‘बाजार सावरेपर्यंत मांसासाठी कार्तकी सुरू करा’ ही एक होती. चांगलं मांस जादा दराच्या वेगळ्या दुकानांत जात होतं, ओळखीच्या माणसाला काउंटरखालून मिळत होतं. रांगेत उभ्या राहणाऱ्या कामगाराला निदान समान वाटा हवा होता. माझ्या मते ही मागणी रास्त होती. फसली ती अंमलबजावणी. 1 एप्रिल 1981 पासून मांस कार्तकीवर आलं, पण वाटा समान नव्हता. एक मूळ प्रमाण ठरलेलं होतं, अंगमेहनतीच्या कामगाराला त्याहून जास्त, खाणीतल्याला आणखी जास्त.

कार्डावर छोटे छोटे तुकडे छापलेले असत. हाडासकट मांस वेगळं, बाकीचं वेगळं, प्रत्येकावर वजन. दुकानातली बाई कात्रीने तुकडा कापून घेई आणि नंतर हिशेबासाठी ते तुकडे कागदावर चिकटवी. महिना संपला की उरलेला तुकडा वाया. म्हणून अखेरच्या आठवड्यात रांगा वाढत आणि मिळेल ते घेतलं जाई. सिगारेट न ओढणारे आपले तुकडे देऊन बदल्यात चॉकलेटचे किंवा दारूचे तुकडे घेत.

‘आज काय टाकलंय?’ हा रांगेतला नेहमीचा प्रश्न. माल ‘आला’ असं कुणी म्हणत नसे, ‘टाकला’ म्हणत. फर्निचर किंवा वॉशिंग मशीनसाठी रांग आठवडेच्या आठवडे चाले. लोक स्वतःच नावांची यादी करत आणि ठरलेल्या वेळी हजेरी घेत. हजेरी चुकली की नाव कापलं जाई, म्हणून घरातली माणसं पाळीपाळीने उभी राहत. गरोदर बायका आणि तान्ही मुलं घेतलेल्यांना आधी सोडत, आणि त्यावरून रांगेत भांडणं ठरलेली.

आठवण किती भरवशाची, हे तपासायला कार्तकीचा मोठा उपयोग होतो. साखर 1976 ते 1985, पेट्रोल 1984 ते 1988 अखेर, मांस 1981 ते जुलै 1989. तेव्हा ‘1978 च्या नाताळाला कार्तकीवर मांस आणलं’ असं कुणी लिहिलं असेल, तर साल तरी चुकलंय किंवा जिन्नस तरी. त्या वर्षी कार्तकीवर फक्त साखर मिळत होती.